कुंपणातलं खिंडार

अण्णा वैशंपायन ठाण्याच्या दिवाणी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले आणि डोंबिवलीच्या घरी येऊन बसले, तेव्हा त्यांनी एकच शपथ घेतली होती: आता मरेपर्यंत कोर्टाची पायरी चढायची नाही. उभा जन्म त्यांनी शेजाऱ्याशेजाऱ्यांची भांडणं पाहण्यात घालवला होता. हातभर जागेपायी दोन पिढ्या कोर्टात घासल्या आणि निकाल लागला तेव्हा वादी, प्रतिवादी दोघेही वर गेलेले, असे दाखले ते जेवताना सांगत. मंदाकिनीबाई वाढता वाढता ऐकत. आपला माणूस शहाणा झाला, याचं त्यांना बरं वाटे. शहाण्या माणसाचा जाच कसा असतो, ते त्यांना पुढे एका कार्तिकात कळलं.

घराच्या मागच्या अंगाला शेराच्या झुडपांचं कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे गोपीनाथराव चित्र्यांचं घर. दोन्ही घरं पाठीला पाठ लावून बसलेली. वैशंपायनांचं पुढचं दार स्टेशनाकडच्या रस्त्यावर, चित्र्यांचं देवळाकडच्या. पुढून जायचं तर सगळी आळी आणि वर मैदान, एवढा वळसा पडे, आणि मंदाकिनीबाईंचा गुडघा असा की जिना पाहिला तरी कुरकुरायचा. शिवाय पुढच्या दाराने जायचं म्हणजे पाहुणी म्हणून जायचं. लुगडं बदला, ओसरीवर बसलेल्या पुरुषांसमोरून पदर सावरत आत जा, ‘काय, कसं काय’ म्हणा. पण पुढून जायची वेळच येत नसे. कुंपणात शेवग्याच्या झाडाजवळ एक खिंडार होतं. ते कोणी पाडलं नव्हतं. दोन बायका रोज एकाच जागी येऊन उभ्या राहिल्या आणि शेर हळूहळू बाजूला झाला.

त्या खिंडारातून इकडचं मेतकूट तिकडे जाई आणि तिकडून गोपीनाथरावांची बायको सुमती वालाचं बिरडं पाठवी. चित्र्यांच्या घरचं बिरडं एकदा खाल्लं की वैशंपायनांच्या घरची उसळ आजाऱ्याची वाटे, हे मंदाकिनीबाई स्वतःच कबूल करत. शेवग्याच्या शेंगा निघाल्या की निम्म्या इकडे, निम्म्या तिकडे. झाड नेमकं कुणाचं, हे दोघींपैकी एकीलाही ठाऊक नव्हतं आणि ठाऊक करून घ्यावंसं वाटलंही नव्हतं.

पण खिंडाराचं खरं मोल वाटीत नव्हतं. ते वर्षातल्या एका दुपारी कळे, आणि ती दुपार फक्त त्या दोघींना माहीत होती.

गोपीनाथराव पूर्वी शांघायला एका गिरणीच्या कचेरीत होते, एकटेच. गेले तेव्हा त्यांची मुलगी नीला पाळण्यात होती. मग लढाई आली, येणं लांबलं. नीला सहा वर्षांची असताना कल्याणला आजोळी घटसर्पाने गेली. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी. हातावरची मेंदी तशीच होती. शांघायला बातमी पोचायलाच कित्येक महिने लागले, आणि एकोणपन्नास साली गोपीनाथराव कायमचे परत आले तोवर ती गोष्ट जुनी झाली होती. निदान त्यांच्यापुरती. सुमतीने पहिल्या वर्षी विषय काढला, तर ते म्हणाले, “झालं गेलं, आता उकरून काय करायचं?” तिने पुन्हा काढला नाही. पण दरसाल त्या दिवशी ती सकाळपासून पाणीसुद्धा नीट घेत नसे. दुपारी खिंडारातून इकडे यायची, मंदाकिनीबाईंच्या धुण्याच्या दगडावर बसायची. रडायची नाही. मंदाकिनीबाई शेजारी तांदूळ निवडत बसायच्या. ती वेळ टळली की सुमती उठायची आणि म्हणायची, “चल मंदाताई, जेवते आता.” तेवढंच. “कोणाला सांगू नकोस हं,” असं पहिल्या वर्षी ती म्हणाली होती, आणि मंदाकिनीबाईंनी अण्णांनासुद्धा सांगितलं नव्हतं.

तर त्या कार्तिकात मुळाशी कुजलेलं कुंपण एका वादळी संध्याकाळी भुईसपाट झालं. पुन्हा शेराच्या फांद्या खोचल्या असत्या तर पावसाळ्यात जिथल्या तिथे उभं राहिलं असतं. पण अण्णांच्या मनात आलं, आता पक्की भिंत घालावी. गोपीनाथरावांनाही पटलं. गुणाजी गवंडी सुतळी घेऊन आला आणि म्हणाला, “बोला, कुठून उचलू?” अण्णांनी बोट दाखवलं शेवग्याच्या पलीकडे. गोपीनाथरावांनी दाखवलं अलीकडे. मधे हातभर जागा आणि शेवगा. दोघेही एकमेकांकडे बघून हसले. गुणाजीने मात्र सुतळी गुंडाळली. त्याला अनुभव होता.

“अहो, शेरच लावा ना पुन्हा,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

“प्रश्न कुंपणाचा नाही, हद्दीचा आहे,” अण्णा म्हणाले. त्यांच्या आवाजात निवृत्तीनंतर प्रथमच पूर्वीची धार आली होती.

“मग मोजणीदार बोलवा.”

“मोजणीदार आला की अर्ज आला, अर्ज आला की हरकत आली, हरकत आली की कोर्ट आलं. मी शपथ घेतली आहे. इंग्रज यायच्या आधी या देशात हद्दीचे वाद मिटत नव्हते का? आपल्या स्मृतिकारांनी सगळं सांगून ठेवलं आहे.”

गोपीनाथरावांचंही कोर्टाशी वाकडं होतं. “आमच्या शांघायला,” ते म्हणत, आणि ‘आमच्या’ म्हटलं की आत सुमतीच्या हातातलं भांडं जरा जोरात आपटे, “आमच्या शांघायला कोर्टात गेलेल्या माणसाला गल्लीत तोंड दाखवायला जागा राहत नाही. कन्फ्यूशियसची अडीच हजार वर्षांची शिकवण आहे, अण्णासाहेब. वाद जिंकणारा मोठा नव्हे, वाद होऊच न देणारा मोठा. जाणती माणसं चहा पीत बसतात आणि गोष्ट मिटवतात.” ते दिवस हिंदी-चिनी भाईचाऱ्याचे होते. वर्तमानपत्रात रोज काहीतरी असे. त्यामुळे गोपीनाथरावांच्या शब्दाला आळीत वजन आलं होतं.

ठरलं असं, की आधी अण्णांच्या शास्त्राप्रमाणे पाहायचं आणि त्यातून नाही जमलं तर गोपीनाथरावांच्या. रोज संध्याकाळी चित्र्यांच्या ओसरीवर बैठक. अण्णांनी पहिल्याच दिवशी एक नियम घातला. वाद चालू आहे तोवर दोन्ही घरांत देवाणघेवाण बंद. एकमेकांकडचं खाल्लं की मन बाटतं आणि साक्ष बाटते. पडलेल्या कुंपणाच्या जागी त्यांनी काथ्या बांधला आणि सांगितलं, निकालापर्यंत हा कोणी ओलांडायचा नाही.

“आणि तुम्ही रोज तिकडे चहा पिता तो?” मंदाकिनीबाईंनी विचारलं.

“तो बिनदुधाचा आहे,” अण्णा म्हणाले. “शिवाय तो त्यांच्याकडच्या पद्धतीत कामकाजाचा भाग आहे.”

मंदाकिनीबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली, पण त्या भांडी आवरायला आत गेल्या. त्यांना वाटलं, आठवडाभराचा खेळ आहे. पण बिनदुधाच्या, मोगऱ्याच्या वासाच्या त्या चहावर मार्गशीर्ष गेला, पौष गेला. ज्यांचं भांडण होतं ते दोघे रोज भेटत, हसत, एकमेकांच्या विद्वत्तेला दाद देत. इतके दिवस ज्यांची नुसती तोंडओळख होती, ते आता एकमेकांवाचून राहीनासे झाले. आणि ज्यांचं काही भांडण नव्हतं त्या दोघी आपापल्या मागच्या दारी उभ्या राहून काथ्याकडे बघत राहत. चोरून बोललं तर अण्णा खाकरत. एकदा सुमतीने वाटीभर बिरडं काथ्याखालून सरकवलं. अण्णांनी ते पाहिलं आणि स्वतःच्या हाताने परत सरकवलं. अगदी नम्रपणे, ‘वहिनी, क्षमा करा’ म्हणून. त्या नम्रपणाचाच मंदाकिनीबाईंना जास्त राग आला. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

पौषात अण्णांनी खणायला घेतलं. जुने लोक हद्दीखाली खुणा पुरून ठेवत, असं शास्त्र सांगत होतं. कोळसा, राख, खापऱ्या, तूस. मातीत न सडणाऱ्या वस्तू. वरचा दगड कोणी हलवला तरी खालची खूण खरं बोलते. अण्णा धोतर खोचून शेवग्याच्या बुंध्याशी उकरू लागले, गोपीनाथराव छत्री धरून उभे राहिले. दीड वीत खाली गेल्यावर कोळसा लागला, मग राख आणि मग खापऱ्या. अण्णांनी खापरी वर काढली, धुतली, उन्हात धरली. त्यांचा चेहरा उजळला होता. “निदान शंभर वर्षं,” ते म्हणाले. गोपीनाथरावांनी मान डोलवली. त्यांनी शांघायला पुष्कळ जुनी खापरं पाहिली होती.

मंदाकिनीबाई बघायला आल्या आणि बघतच राहिल्या. “अहो, ही माझी लोणच्याची बरणी आहे.”

“कुठली बरणी?”

“परवाच्या साली फुटली ती. हा बघा बाहेरचा पिवळा रंग. मी आणि सुमतीने इथेच पुरली, कुणाच्या पायाला लागायला नको म्हणून. आणि राख आमच्या चुलीची. शेवग्याला राख मानवते, म्हणून दोघी आणून घालायचो.”

अण्णांनी खापरी उलटसुलट केली. मग म्हणाले, “तू या वादात साक्षीदार नाहीस. पक्षकारही नाहीस. तुझं म्हणणं नोंदवता येत नाही.” पण त्यांनी खड्डा बुजवला. संध्याकाळी बैठकीला ते जरा उशिरा गेले.

त्या रात्री भाकरी थापताना मंदाकिनीबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आपण पक्षकार नाही. खिंडार वापरलं कोणी, राख घातली कोणी, शेंगा वाटल्या कोणी? आणि पक्षकार कोण, तर ज्यांना शेवगा कुठल्या महिन्यात फुलतो हेसुद्धा सांगता येणार नाही ते दोघे.

माघात शेवटचा उपाय झाला. हद्दीची खूण मिळाली नाही, तर जुन्या माहितगाराने लाल वस्त्र नेसून, गळ्यात लाल फुलांची माळ घालून, डोक्यावर माती घेऊन हद्दीवरून चालावं. तो चालेल ती हद्द. खोटं चालला तर त्याचं पुण्य गेलं. ही सगळी जमीन पूर्वी भाताची खाचरं होती. अण्णांचा तुकडा गोमाजीचा आणि चित्र्यांचा नामाचा. नामा वारला होता, गोमाजी म्हातारा गावात होता. त्याला बोलावणं गेलं. लाल वस्त्र म्हणून अण्णांनी ट्रंकेतून मंदाकिनीबाईंचा लग्नातला शेला काढला. विचारलं नाही. गोमाजीच्या खांद्यावर शेला, गळ्यात जास्वंदीची माळ, आणि भोवती निम्मी आळी जमलेली. काथ्यापलीकडून सुमतीने मंदाकिनीबाईंकडे पाहिलं. दोघींच्या मनात एकच होतं. म्हातारबाबा, कुठूनही चाल, पण चाल एकदाचा.

अण्णांनी माती मंत्रून गोमाजीच्या डोक्यावर ठेवली आणि तिचा अर्थ समजावून सांगितला. गोमाजी ऐकत होता. मग त्याने माती हळूच हातात घेतली आणि खाली ठेवली.

“साहेब, मना नाय चालता येवाचा,” तो म्हणाला. “माती डोक्याव घेतल्याव खोटा कसा बोलू? घरान पोरा हान माझी. तो बांध कंदी एका जाग्याव नव्हताच. मी दरसाल नांगर घालताना इतभर तिकरं सरकवाचो. नामा इतभर इकरं सरकवाचा. माझा बापूस पन तसाच कराचा, नामाचा बापूस पन.”

“पण मूळचा कुठे होता?” अण्णांनी विचारलं.

“ता कोनाला म्हाईत? माजे आज्याला पन नसल.” गोमाजीने माळ काढली. “भांडान नव्हता, साहेब, आमचा. दोघांना म्हाईत व्हता.” शेल्याची घडी करून त्याने मंदाकिनीबाईंच्या हातात दिली आणि तो गेला.

अण्णा तिथेच शेवग्याच्या बुंध्याशी बसून राहिले. साक्षीदार खोटं बोलला तर काय करायचं ते शास्त्रात होतं. साक्षीदार पळाला, मुका झाला, मेला, त्याचीही सोय होती. पण साक्षीदाराने खरं सांगावं आणि खरं हे निघावं की हद्दच नाही, याला काही उपाय सापडेना. मंदाकिनीबाईंना क्षणभर त्यांची दया आली. त्यांनी संधी साधून म्हटलं, “हद्दच नव्हती ना? मग शेर लावा, खिंडार राहू द्या.”

पण आता पाळी गोपीनाथरावांची होती, आणि ते कार्तिकापासून वाट बघत होते. “अण्णासाहेब, मी काय म्हणत होतो? हक्क शोधत गेलं की असंच होतं. आता माझं ऐका. ही हातभर जागा मी तुम्हाला दिली. शेवग्यासकट.”

अण्णा उठून उभे राहिले. इतके दिवस ज्या माणसाचा चहा प्यायला, त्याच्याकडून दान घ्यायचं? “मुळीच नाही. ती मीच तुम्हाला दिली. वर माझ्याकडची हातभर आणखी.”

“मग माझ्याकडचीही हातभर.”

इतके महिने घेण्यावरून घोडं अडलं होतं, ते आता देण्यावरून अडलं. फाल्गुनभर हे चाललं. अण्णा एक पाऊल मागे सरत की गोपीनाथराव दीड. शेवटी दोघेही आपापल्या न्हाणीघरापर्यंत आले, तेव्हा थांबले, कारण मागे सरायला जागा नव्हती. मधे चांगली बैलगाडी जाईल एवढी पट्टी मोकळी झाली. ती कुणाचीच नाही, असं ठरलं. आणि मागे सरलो हे लोकांना दिसायला तर हवं, म्हणून दोघांनी आपापल्या कडेला भिंत घालायची. एक नव्हे, दोन. मागच्या दारी बायकांचा वावर, तेव्हा पुरुषभर उंच.

गुणाजी विटा उतरवू लागला, तेव्हा काथ्या निघाला होता. त्या गडबडीत सुमती इकडे आली आणि धुण्याच्या दगडापाशी उभी राहिली. “मी विचारलं गं ह्यांना, एक दार ठेवा म्हणून. म्हणाले, आमच्या शांघायला अशा कामात बायका मध्ये पडत नाहीत. मी म्हटलं, शांघायला बायको होतीच कुठे तुमची? दोन दिवस बोलले नाहीत.” तिने दगडावरून हात फिरवला. “मंदाताई, श्रावणात काय करायचं?”

“मी बोलते आज,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

त्या बोलल्या. अण्णा जेवून सुपारी कातरत होते, वेळ चांगली होती. “भिंतीला एक लहानसं दार ठेवा. दोन्ही भिंतींना. समोरासमोर.”

“दार ठेवणं म्हणजे हक्क ठेवणं,” अण्णा म्हणाले. “सोडलेल्या जागेवर येण्याजाण्याचा हक्क राखून ठेवला, तर सोडली कुठे? मग हे ढोंग झालं. आणि दाराची गरज काय? पुढून रस्ता आहे.”

“सुमतीला लागतं.”

“कशासाठी?”

मंदाकिनीबाईंच्या तोंडाशी आलं होतं. एक वाक्य सांगितलं असतं की पुरे होतं. अण्णा काही दगड नव्हते. ऐकून त्यांनी गवंड्याचं काम त्याच दिवशी थांबवलं असतं. पण मग बैठकीत ते गोपीनाथरावांना सांगितल्यावाचून राहिले नसते, आणि गोपीनाथरावांनी आत येऊन सुमतीला विचारलं असतं, की माझ्या घरातली गोष्ट शेजारी कशी गेली. आणि मुळात ती गोष्ट मंदाकिनीबाईंची नव्हतीच. ती त्यांच्याकडे ठेवायला दिलेली होती.

“कशासाठी? काही कारण असेल तर सांग. मी ऐकून घेईन.”

“काही नाही,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “बोलायला.”

“बोलायला दार कशाला? आवाज भिंतीवरून जातो,” अण्णा म्हणाले, आणि सुपारीचं खांड त्यांनी तोंडात टाकलं.

अक्षय्य तृतीयेला दोन्ही भिंती पुऱ्या झाल्या. वाचनालयाचे अध्यक्ष आले, पेढे वाटले गेले. दोन प्राचीन संस्कृतींनी मिळून एक वाद कोर्टाबाहेर कसा मिटवला, यावर भाषण झालं. मधल्या पट्टीला ‘सामोपचार गल्ली’ असं नाव पडलं. अण्णा आणि गोपीनाथराव एकमेकांच्या गळ्यात पडले, आणि खरंच दोघांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं होतं असं मंदाकिनीबाईंनाही म्हणता येईना. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. “कुणाचंच काही गेलं नाही,” अध्यक्ष म्हणाले, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

शेवगा मधे राहिला. वैशाखात त्याला शेंगा लगडल्या होत्या. चित्र्यांनी काढाव्यात तर तो मोह झाला, वैशंपायनांनी काढाव्यात तर तोही मोहच. शेंगा झाडावरच वाळल्या आणि वाऱ्यावर खडखडत राहिल्या. खाली गल्लीत आळीभरच्या बकऱ्या बांधल्या जाऊ लागल्या. मंदाकिनीबाई उखळावर चढून बघायच्या, तर त्यांना दिसायची पलीकडची भिंत. चुना मात्र झकास होता.

सुमतीशी बोलणं झालं नाही असं नाही. अण्णांचं खरं होतं, आवाज भिंतीवरून जायचा. पण जोरात ओरडावं लागे, आणि ओरडलेलं चार घरं ऐकत. “आज भाजी काय?” “दुधी.” “पाणी आलं का?” “नाही अजून.” जे ओरडून सांगता येतं तेवढंच उरलं.

नागपंचमी झाली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून पावसाची झिमझिम होती. मंदाकिनीबाईंनी स्वयंपाक उरकला, अण्णांना वाढलं आणि स्वतःला बरं नाही म्हणून सांगितलं. अण्णा जेवून नेहमीपेक्षा लवकर चित्र्यांकडे गेले. कुठल्याशा दुसऱ्या आळीतल्या विहिरीचा वाद आता या दोघांकडे सल्ल्याला आला होता. ते गेल्यावर मंदाकिनीबाईंनी लुगडं बदललं, छत्री घेतली आणि पुढच्या दाराने निघाल्या. मैदानात घोटाभर चिखल होता. गुडघा प्रत्येक पावलाला ओरडत होता. देवळापाशी त्या दोनदा टेकल्या.

चित्र्यांच्या ओसरीवर अण्णा, गोपीनाथराव आणि विहिरीवाली माणसं बसली होती. “अरे, वहिनी? या, या,” गोपीनाथराव उठून म्हणाले. “अगं, ऐकलंस का? वैशंपायन वहिनी आल्या आहेत.” सुमती बाहेर आली. तिने एकदा मंदाकिनीबाईंच्या चिखलाच्या पायांकडे पाहिलं. मग ओठ आवळले आणि म्हणाली, “या ना, बसा.”

इतक्या वर्षांत ती प्रथमच त्यांना ‘बसा’ म्हणाली होती. पाट आला, हळदकुंकू आलं, बशीत लाडू आला. लाडू सुमतीने स्वतःच्या हाताने पुढे केला. गोपीनाथराव दारातच उभे राहून चौकशी करत होते. गुडघा कसा आहे, शांघायला गुडघ्यावर कोणता लेप लावतात. चांगला माणूस होता. पाहुणीला एकटं टाकून जाणं त्याला शिष्टाचाराविरुद्ध वाटत होतं. बाहेरून अण्णांनी विचारलं, “काय गं, काही काम होतं का?”

“नाही,” मंदाकिनीबाई म्हणाल्या. “सहज.”

त्यांनी लाडू तोंडाला लावला नाही. पदराच्या टोकात बांधून घेतला आणि उठल्या. सुमती पायरीपर्यंत आली. पायरीवर माणसं होती. “पुन्हा या,” ती म्हणाली.

घरी येऊन मंदाकिनीबाई तशाच, ओल्या लुगड्यात, मागच्या दारी गेल्या आणि धुण्याच्या दगडावर बसल्या. वेळ तीच होती. पाऊस थांबला होता. पलीकडे भिंतीमागे काही हालचाल असेल, नसेल. मधल्या गल्लीत एक बकरी ओरडत होती. किती जवळ होती सुमती. दहा पावलंसुद्धा नसतील. मंदाकिनीबाईंना भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. त्यांनी तसं काही केलं नाही. उभ्या राहिल्या आणि हाक मारली.

“सुमती.”

लगेच आवाज आला. ती तिथेच होती. “काय गं?”

आणि मग पुढे काय बोलायचं? चार घरं ऐकत होती, ओसरीवर सभा भरली होती. मंदाकिनीबाई भिंतीच्या विटांकडे बघत उभ्या राहिल्या.

“जेवलीस का?” शेवटी त्यांनी विचारलं.

गल्लीतली बकरी दोनदा ओरडली. मग पलीकडून आलं, “जेवले.”

संध्याकाळी अण्णा खुशीत परतले. विहिरीवाल्यांना त्यांचं म्हणणं पटलं होतं. पाटावर बसता बसता ते म्हणाले, “दुपारची तुझी हाक तिकडे ओसरीपर्यंत ऐकू आली. गोपीनाथराव त्या लोकांना म्हणाले, बघा, वाद सलोख्याने मिटला की बायकांतसुद्धा कसा जिव्हाळा राहतो. जेवलीस का म्हणून विचारतात एकमेकींना. त्या लोकांवर फार परिणाम झाला त्याचा.” त्यांनी पानाकडे पाहिलं. “हे काय, एकच पान? तू नाही बसत?”

“मी जेवले,” मंदाकिनीबाई म्हणाल्या.

अण्णांनी मान हलवली आणि भातावर आमटी ओढून घेतली.